हेडलाइटचा फोकस: रस्त्यावर उजेड हवा, समोरच्याच्या डोळ्यात नको

रात्री गाडी चालवणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, आपल्या लाईटला उजेडच नाही. दोन, समोरच्याच्या लाईटनं डोळे दिपतात. या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण पुष्कळदा मूळ एकच असतं: प्रकाश जिथे पडायला हवा तिथे पडत नाही. धूसर झालेली काच, तिरपा बसलेला बल्ब किंवा वर उचललेला फोकस, यांपैकी काहीही असलं तर रस्त्यावरचा उजेड कमी होतो आणि नेमका तोच हरवलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. अशा गाडीला जास्त ताकदीचा बल्ब लावला तर दोन्ही तक्रारी वाढतात. म्हणून नवीन बल्ब घेण्याआधी खालची कामं याच क्रमानं करावीत: आधी काच, मग बल्ब आणि व्होल्टेज, आणि शेवटी फोकस. क्रम उलटा केला तर फोकस दोनदा लावावा लागतो.

लुमेनच्या आकड्याला भुलू नका

बल्बच्या खोक्यावर लुमेन छापलेले असतात. बल्ब सगळ्या दिशांना मिळून किती प्रकाश टाकतो, एवढंच तो आकडा सांगतो. डिप्पर (खाली झुकलेला झोत) आणि अप्पर (लांबचा झोत) दोन्ही एकाच बल्बमध्ये देणारा प्रमाणित एच४ हॅलोजन बल्ब १३.२ व्होल्टला डिप्परवर सुमारे १००० आणि अप्परवर १६५० लुमेन देतो. एकच झोत देणारा एच७ सुमारे १५०० देतो, तारेऐवजी वायूतून प्रकाश देणारा ३५ वॅटचा डी२एस झेनॉन ३२००. यातला किती प्रकाश कोणत्या दिशेला जाणार हे मात्र रिफ्लेक्टर (बल्बमागचा आरशासारखा भाग) किंवा प्रोजेक्टर (पुढे भिंग असलेला दिवा) ठरवतो, आणि एका दिशेला जाणारी ती तीव्रता कॅन्डेलात मोजतात. रस्त्यावर प्रत्यक्ष पडलेला उजेड म्हणजे लक्स. कॅन्डेलाला अंतराच्या वर्गानं भागलं की लक्स मिळतात. १०,००० कॅन्डेलाचा झोत ५० मीटरवर ४ लक्स देतो आणि १०० मीटरवर फक्त १.

या हिशेबाचा अर्थ असा की दुप्पट लांबचं तितकंच स्पष्ट दिसायला चौपट प्रकाश लागतो. जाहिरातीतला ‘३० टक्के जास्त उजेड’ खरा मानला, तरी पल्ला वाढतो जेमतेम १४ टक्के. उलट फोकस अर्ध्या अंशानं खाली गेला असेल तर तो वर घेऊन मिळणारा पल्ला याच्या कितीतरी पट असतो, आणि त्याला फक्त एक स्क्रूड्रायव्हर लागतो.

डिप्परच्या झोताला वरून कापल्यासारखी कड असते. भिंतीवर लाईट टाकला की ती स्पष्ट दिसते. कडेच्या लगेच खाली झोताचा सर्वांत प्रखर भाग असतो, हजारो कॅन्डेलाचा. कडेच्या वर काहीशे कॅन्डेला उरतात, आणि समोरच्या चालकाचे डोळे तिथेच असावेत अशी सगळी रचना असते. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल आणि झोत एक टक्का खाली असेल, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर उतरत असेल, तर ५० मीटरवर कड जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर येते आणि ६५ मीटरवर जमिनीला टेकते. आता मागच्या सीटवर माणसं बसली, डिकी भरली आणि गाडीचा मागचा भाग ५ सेंटीमीटर दबला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर असेल तर नाक दोन टक्के वर उचललं जातं. तीच कड आता ५० मीटरवर ११५ सेंटीमीटरला पोचते. छोट्या गाडीच्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीला असतात. बल्ब तोच, दिवा तोच, आणि तरीही समोरचा आंधळा.

काच

गेल्या काही दशकांतल्या बहुतेक हेडलाइटची ‘काच’ काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा पातळ कडक थर असतो. उन्हानं तो थर गेला की खालचं प्लास्टिक पिवळं आणि धूसर पडतं. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेनं २०१८ साली अशा जुन्या दिव्यांची मोजणी केली, तेव्हा ते नव्याच्या जेमतेम पाचव्या भागाइतका उजेड देत होते. उरलेल्या प्रकाशातला काही शोषला जातो, काही सगळीकडे पसरतो. त्या पसरण्यानं झोताची कड विरघळते आणि चकाकी वाढते.

धूसरपणा बाहेरून आहे की आतून, हे आधी ठरवा. काचेवर पाणी शिंपडा. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धूसर झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून जाईल. ओली असतानाही फरक पडला नाही, तर दोष आत आहे किंवा प्लास्टिकच्या आतच बारीक तडे गेलेत. मग घासण्यात वेळ घालवू नका, दिवाच बदलावा लागतो.

घासण्याआधी दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. रंग खरवडला गेला तर तो खर्च दिव्यापेक्षा मोठा असतो. काच साबणानं धुवा. जुना थर पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर ८०० नंबरचा वॉटर पेपर, नसेल तर सरळ १००० नंबरपासून सुरुवात. पेपर आणि काच दोन्ही सतत ओले ठेवा, पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाका. सुरुवातीला पाणी पिवळसर निघेल, तो जुना थर आहे. पाणी पांढरं दुधाळ निघेपर्यंत घासा. इथे घाई केली की जुन्या थराचे ठिपके राहतात आणि शेवटी नेमके तेच उठून दिसतात. नंतर १५००, २००० आणि ३००० नंबर. प्रत्येक पेपरला दिशा बदला, आधी आडवी मग उभी, म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. तीन हजारानंतर काच सारखी धुरकट दिसायला हवी. मग कंपाउंड, म्हणजे घासून चमकवणारी पेस्ट, लावून पॉलिश. मशीन वापरत असाल तर कमी वेगावर आणि एका जागी न थांबता, कारण पॉलिकार्बोनेट तापलं की वितळून डाग पडतो आणि तो निघत नाही.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. घासताना तुम्ही उरलासुरला संरक्षक थरही काढलेला असतो, तेव्हा नवा थर द्यावाच लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काच पुसा, पूर्ण वाळू द्या आणि अतिनील किरण रोखणाऱ्या क्लिअर कोटचे (पारदर्शक लेपाचे) दोन पातळ हात द्या. दोन्हींमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडा. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो. त्यानंतर साधारण चोवीस तास पाणी आणि धूळ लागू देऊ नका. टूथपेस्ट लावून काच चमकते हे खरं आहे, कारण तिच्यात बारीक घासणारी पूड असते. पण तिनं संरक्षक थर मिळत नाही, त्यामुळे ती चमक फार टिकत नाही.

दिव्याच्या आत कडेला हलकी वाफ धरली आणि लाईट लावल्यावर निघून गेली तर काळजी नको. थेंब साचत असतील तर मागचं रबरी झाकण नीट बसलंय का बघा. बल्ब बदलल्यावर ते अर्धवट लागणं ही नेहमीची चूक. रिफ्लेक्टरची चंदेरी झिलई काळवंडली किंवा सुटली असेल तर ती परत आणता येत नाही. आत फडकं घालून पुसू नका, ॲल्युमिनियमचा तो थर इतका पातळ असतो की बोटाच्या दाबानंही निघतो.

बल्ब

हॅलोजन बल्बच्या क्वार्ट्झच्या नळीला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा तापून तिथे डाग धरतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागला तर अल्कोहोलनं पुसा. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला. एक गेला म्हणजे दुसऱ्याचंही वय तेवढंच झालेलं असतं, आणि एक नवा, एक जुना असा जोड लावला की दोन बाजूंचा उजेड वेगळा पडतो.

एच४ मध्ये डिप्परच्या तारेखाली (फिलामेंटखाली) धातूची छोटी वाटी असते. ती प्रकाशाला रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर जाऊ देत नाही, आणि म्हणूनच वरून कापलेली कड तयार होते. बल्ब फिरवून बसवला तर वाटीही फिरते. त्यासाठीच त्याच्या चकतीचे तीन कान असमान ठेवलेले असतात. तरीही जोर लावून चुकीचा बसवता येतो, आणि तसा बसवलेला सर्रास दिसतो. चकती सगळीकडून टेकली का आणि स्प्रिंगची तार नीट अडकली का, हे हातानं चाचपून पाहा. एच७ मध्ये तर बल्ब अर्धवट बसूनही लाईट लागतो. भिंतीवर कड तिरकी किंवा पसरट दिसली तर आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. फोकसच्या स्क्रूला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

निळसर बल्ब ‘पांढरा प्रकाश’ देतात तो काचेला निळी छटा देऊन, म्हणजे प्रकाशाचा काही भाग गाळून. ‘प्लस’ प्रकारच्या बल्बमध्ये तार अधिक आखूड आणि अधिक तापणारी असते, त्यामुळे झोत एकवटतो. फरक खरा असतो, पण आयुष्य ठळकपणे कमी होतं. ९० किंवा १०० वॅटचे बल्ब मात्र टाळाच. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर जळतो, स्विच तापतो.

एलईडी बदली बल्ब

हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब बसवणं हे आजच्या चकाकीचं एक मोठं कारण आहे. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोपरा एका बारीक तारेसाठी आखलेला असतो. ती तार काही मिलिमीटर लांब, ठरलेल्या जागी, आणि सगळीकडे सारखा प्रकाश टाकणारी. तार अर्धा मिलिमीटर सरकली तरी झोत बदलतो. एलईडीच्या चिप्स सपाट पट्टीच्या दोन बाजूंना असतात. त्यांची जाडी, लांबी किंवा जागा तारेशी जुळली नाही की प्रकाश कडेच्या वर सांडतो. झेनॉनचं किट हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये टाकलं तर याहून वाईट.

फसगत कुठे होते ते पाहा. असा बल्ब लावला की गाडीच्या नाकासमोरचे दहा-पंधरा मीटर झगझगीत उजळतात. चालकाला वाटतं, काय मस्त उजेड. प्रत्यक्षात जवळचा भाग उजळला की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचा अंधार अधिक काळा होतो. गरज असते ती ५० मीटरच्या पलीकडच्या उजेडाची. हाच नियम फॉग लाईटलाही लागू आहे. स्वच्छ हवेत ते लावून ठेवल्यानं समाधान मिळतं, पल्ला मिळत नाही.

तरीही एलईडी लावायचाच असेल तर आपल्या दिव्यासाठी तो मंजूर आहे का हे बघा आणि भिंतीवर जुन्या बल्बच्या झोताशी तुलना करा. हॅलोजनच्या कडेची रेषा भिंतीवर पेन्सिलीनं काढा, मग एलईडी लावा. कड तितकीच धारदार आणि त्याच जागी असेल तर ठीक. चिप्स डाव्या-उजव्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी असायला हव्यात. वर-खाली असतील तर कॉलर, म्हणजे बल्बची फिरणारी कडी, फिरवा. कडेच्या वर ढगासारखा उजेड दिसला तर बल्ब परत करा. फोकस खाली करून ते झाकू नका, त्यानं पल्ला जातो आणि चकाकी उरतेच.

व्होल्टेज

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. भाषा जड वाटली तर आकडे बघा: पाच टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड १६ टक्क्यांनी घटतो, दहा टक्के कमी झालं की ३० टक्क्यांनी. उलट व्होल्टेज पाच टक्के जास्त मिळालं तर आयुष्य जवळपास निम्मं होतं.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, रेस थोडी वाढवा, डिप्पर लावा. बॅटरीच्या दोन टोकांवर वाचन घ्या, साधारण १३.८ ते १४.४ यायला हवं. मग बल्ब पेटलेला असतानाच त्याच्या कनेक्टरच्या मागून टोकं टोचून तिथलं वाचन घ्या. बल्ब काढून मोजलं तर वायरमधून करंटच वाहत नाही आणि वाचन खोटं चांगलं येतं. दोन वाचनांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंगमध्ये व्होल्टेजची गळती आहे. आता एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरं बल्बच्या अर्थिंगच्या पिनवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग खराब आहे. बॉडीला जोडलेला तो नट सोडवा, गंज घासा, पुन्हा आवळा. बऱ्याच गाड्यांचा ‘कमी उजेड’ इथेच सुटतो.

अर्थिंग ठीक असूनही गळती असेल, तर जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून जातो का हे बघा. तसं असेल तर बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेऊन डिप्पर आणि अप्परला वेगळे रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावता येतात, प्रत्येकाला बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. ज्या गाडीत बल्बवर कंप्युटर लक्ष ठेवतो तिथे हा प्रयोग करू नये.

फोकस लावणं

सपाट जमीन आणि समोर उभी भिंत हवी. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार ठेवलेला असतो आणि एक टक्का म्हणजे दहा मीटरला फक्त दहा सेंटीमीटर, त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल पाईपनं चाकाजवळची आणि भिंतीजवळची पातळी तपासा. फरक निघाला तर तो हिशेबात धरा.

गाडी तयार करा. चारही टायरमध्ये सांगितलेली हवा, डिकीत रोजचं सामान, चालकाच्या जागी माणूस किंवा ७५ किलो वजन. डॅशबोर्डवर हेडलाइटची उंची बदलणारं चाक असेल तर ते शून्यावर. गाडी दोन्ही टोकांना दाबून हलवा म्हणजे स्प्रिंग मोकळ्या होऊन आपल्या जागी बसतात.

१. गाडी भिंतीला अगदी जवळ, काटकोनात लावा. दोन्ही दिव्यांच्या मध्याची खूण भिंतीवर करा. मध्य म्हणजे काचेचा मध्य नव्हे, बल्बची किंवा प्रोजेक्टरच्या भिंगाची जागा. बऱ्याच काचांवर त्यासाठी बारीक ठिपका असतो. दोन्ही खुणांतून ओळंब्यानं उभ्या रेषा काढा.

२. गाडी सरळ मागे घ्या, दिव्यापासून भिंत १० मीटर होईपर्यंत. स्टिअरिंग वळवू नका.

३. दिव्याच्या उंचीला आडवी टेप लावा. तिच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी. ही एक टक्क्याची रेषा. मात्र आधी बॉनेटखाली किंवा दिव्यावर छापलेला आकडा शोधा. तिथे दिव्याच्या खुणेशेजारी १.० किंवा १.२ टक्के असं लिहिलेलं असतं आणि तोच तुमच्या गाडीचा आकडा. १.२ असेल तर दुसरी टेप १२ सेंटीमीटर खाली. जमिनीपासून मीटरभराहून उंच दिवे असलेल्या वाहनांना दीड ते दोन टक्के लागतात, कारण त्यांचा दिवाच मुळात छोट्या गाडीच्या आरशाच्या उंचीला असतो.

४. डिप्पर लावा आणि एक दिवा झाका. गडद कापड काचेपासून थोडं दूर धरा. काचेला टेकवून ठेवलं तर उष्णतेनं प्लास्टिक खराब होतं.

५. कडेचा सपाट भाग खालच्या टेपवर आणा. उंचीचा स्क्रू बहुतेकदा दिव्याच्या मागे वरच्या बाजूला असतो, डावी-उजवीचा दुसऱ्या कोपऱ्यात. अर्धा-अर्धा आटा फिरवा. शेवटची हालचाल नेहमी खालून वर आणणारी ठेवा, नाहीतर आट्यातली ढिलाई पहिल्या खड्ड्यात झोत सरकवते.

६. सपाट कड जिथे वर वळते तो कोपरा उभ्या रेषेवर हवा. वर चढणारा भाग रस्त्याच्या आपल्या कडेला, समोरच्या वाहनांच्या विरुद्ध बाजूला असतो. कोपरा समोरच्याच्या बाजूला सरकला तर चढणारा भाग थेट त्याच्या काचेवर जातो.

७. दुसरा दिवा. मग दोन्ही एकदम लावून बघा, सपाट कडा एका रेषेत यायला हव्यात. अप्पर वेगळा लावावा लागत नाही अशाच गाड्या जास्त, पण त्याचा मध्य दिव्याच्या उंचीच्या जवळपास पडतो का ते पाहा.

अमेरिकी पद्धतीच्या काही दिव्यांवर ‘व्हीओआर’ असं कोरलेलं असतं. त्यांची उजवीकडची कड एक टक्का खाली नाही, तर दिव्याच्याच उंचीला ठेवायची असते. ‘व्हीओएल’ असेल तर डावीकडची कड ०.४ अंश खाली, म्हणजे १० मीटरवर सुमारे ७ सेंटीमीटर. खूण न बघता सगळ्यांना एकच माप लावणं ही गॅरेजमधली नेहमीची चूक.

दुसऱ्या देशातून आलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट बघा. गोलातल्या ‘ई’ अक्षराच्या खुणेजवळ बाण असतो. समोर उभं राहून पाहताना उजवीकडे बाण असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी, बाण नसेल तर उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी, दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हींना चालणारा. चुकीच्या बाजूचा दिवा कितीही नीट लावला तरी त्याची वर जाणारी बाजू समोरच्यावरच पडणार. तो बदलणं हाच उपाय.

काम नीट झालं का, हे सिग्नलला कळतं. पुढच्या गाडीच्या मागे पाच-सहा मीटरवर थांबलात की कड तिच्या बंपरच्या आसपास दिसायला हवी. मागच्या काचेत उजेड जात असेल तर फोकस वर आहे. आणि डिप्परवर असतानाही समोरचे पुन्हापुन्हा अप्पर मारून इशारा देत असतील, तर रागावण्याआधी भिंतीसमोर जा.

उंची बदलणारं चाक बहुतेकांनी कधी फिरवलेलंच नसतं. साधारण रीत अशी: चालक आणि पुढचा प्रवासी असताना ०, सगळ्या सीट भरल्या की १, सीटसोबत डिकीही भरली की २, एकटा चालक आणि डिकी ठासून भरलेली असेल तर ३. आपोआप उंची धरणाऱ्या गाडीत मागच्या एक्सलजवळ एक छोटी दांडी आणि सेन्सर असतो. ती दांडी तुटली किंवा निखळली की दिवे चुकीच्या उंचीवर अडकतात. गाडीची उंची वाढवली किंवा कमी केली तरी सेन्सर नव्यानं जुळवावा लागतो.

दुचाकीत हाच प्रश्न अधिक तीव्र असतो, कारण चाकांमधलं अंतर कमी. १.३ मीटर अंतराच्या गाडीचं मागचं चाक ३ सेंटीमीटर दबलं की झोत २.३ टक्के वर जातो. चालक बसलेला असताना, गाडी स्टँडवर न ठेवता सरळ धरून फोकस लावा. मागे नेहमी कुणी बसत असेल तर त्यालाही बसवा, आणि मागच्या शॉकची प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवा.

आपल्या डोळ्यांकडे

समोरचा दिवा डोळ्यात आला की प्रकाश डोळ्याच्या आत पसरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा येतो. तो पडदा किती दाट, हे दिवा आणि आपली नजर यांच्यातल्या कोनावर ठरतं: कोन दुप्पट झाला की पडदा चौथा हिस्सा राहतो. समोरची गाडी ५० मीटरवर, साडेतीन मीटर बाजूला असेल तर कोन फक्त चार अंश असतो. त्या वेळी नजर सुमारे तीस मीटर पुढच्या, आपल्या बाजूच्या कडेच्या रेषेवर नेली की कोन आठ अंशांच्या आसपास जातो. ‘दिव्याकडे बघू नका, कडेला बघा’ या सल्ल्यामागे हे गणित आहे. वयानुसार हा पडदा वाढतो. रूढ सूत्राप्रमाणे सत्तराव्या वर्षी तो तरुणपणाच्या दुप्पट असतो, मोतीबिंदू नसतानाही.

दिव्यांभोवती काटेरी किरण दिसत असतील तर गाडी थांबवून डोकं एका बाजूला झुकवा. किरणही डोक्याबरोबर झुकले तर दोष डोळ्यात किंवा चष्म्यात आहे, बहुधा सिलिंडरचा नंबर. चष्मा काढून पुन्हा बघा, म्हणजे चष्म्यावरचे ओरखडे वेगळे कळतात. किरण जागेवरच राहिले तर विंडशील्ड पाहा. खिडकी खाली करून मोकळ्या हवेतून दिवा पाहिला की खात्री पटते.

विंडशील्ड आतून पुसणं लोक विसरतात. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उन्हात निघणाऱ्या वाफेचा तेलकट थर तिथे बसतो, दिवसा दिसत नाही, रात्री सगळा उजेड पसरवतो. मायक्रोफायबर कापड, पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समान भाग. आधी ओल्या कापडानं आडवं, मग कोरड्यानं उभं. बाहेरून वायपरच्या रबराची कड ओल्या कापडानं पुसा. कापड काळं येणं थांबलं नाही किंवा रबर कडक झालं असेल तर बदला. वाळूच्या कणांनी पडलेले बारीक खड्डे पुसून जात नाहीत. ते फार झाले असतील तर काच बदलण्यावाचून इलाज नाही.

मागच्या गाडीच्या दिव्यासाठी आतल्या आरशाखालचा खटका असतो. तो ओढला की मागच्या चांदीच्या थराऐवजी पुढच्या साध्या काचेतून प्रतिबिंब दिसतं, आणि साधी काच फक्त चार टक्के प्रकाश परावर्तित करते. डॅशबोर्ड आणि स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवा. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका. ते दिव्याचा उजेड कापतात, तसा अंधारातल्या माणसावरचाही. २०१९ साली ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर झालेल्या अभ्यासात त्यांनी पादचारी ओळखण्यात काहीच मदत केली नाही. चष्मा लागतच असेल तर परावर्तन रोखणारं कोटिंग मात्र उपयोगी पडतं.

अप्पर आणि डिप्पर कधी

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दीड सेकंदात चालक ब्रेकवर पाय ठेवतो तोवर ३३ मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण ६८. नीट लावलेल्या डिप्परची सपाट कडच ६५ मीटरवर संपते. म्हणून मोकळ्या अंधाऱ्या रस्त्यावर अप्पर वापरणं चूक नाही, गरजेचं आहे, आणि डिप्परवर असताना वेग कमी करणंही तितकंच गरजेचं. समोरून वाहन दिसताच, निदान १५० ते २०० मीटर आधी डिप्परवर या. दोघेही ८० नं येत असतील तर २०० मीटर साडेचार सेकंदांत संपतात. दुसऱ्याच्या मागे असाल तर कायम डिप्पर. समोरचा अप्पर उतरवत नसेल तर एकदा इशारा द्या, मग नजर कडेला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून बाजूला. सूड म्हणून आपणही अप्पर ठेवला तर एकाऐवजी दोन आंधळे समोरासमोर येतात.

आपोआप अप्पर-डिप्पर करणाऱ्या गाड्यांना सायकली, वळणावरून अचानक येणारी वाहनं आणि चालणारी माणसं नेहमी ओळखता येतातच असं नाही. बोट दांड्याजवळ ठेवा, आणि कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ.

पावसात रस्ता आरशासारखा होतो. आपला प्रकाश पुढे निघून जातो, परत आपल्याकडे येत नाही, म्हणून लाईट बंद पडल्यासारखे वाटतात. समोरच्याला मात्र तोच प्रकाश खालून वर डोळ्यात येतो. तेव्हा अप्पर लावून काही मिळत नाही, फक्त वेग कमी करता येतो. धुक्यात अप्परचा प्रकाश थेंबांवरून उलटा येऊन पांढरी भिंत उभी करतो. डिप्पर आणि खालचे रुंद फॉग लाईट लावा, मागचा तांबडा फॉग लाईट धुकं दाट असेपर्यंतच ठेवा. धुकं विरळ झालं की तो बंद करा, कारण ब्रेकलाइटच्या तोडीचा तो दिवा मागच्या चालकाला ब्रेक कधी लागला ते कळू देत नाही.